समुद्री सूक्ष्मशैवाल गोठवून जपणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅचरीत, म्हणजे मासे-कोळंबीची पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रात, काम करणारे तंत्रज्ञ, मत्स्यविज्ञानाचे विद्यार्थी आणि नुकतंच अल्गल कल्चर (एकपेशीय शैवाल पोषक द्रावणात, म्हणजे माध्यमात, वाढवणं) सुरू केलेले काही जण आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शैवाल गोठवून ठेवायचं म्हणजे नेमकं काय? फ्रीजमध्ये ठेवण्यापेक्षा ते वेगळं कसं?

फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवलेली पेशी मंदावते, पण तिचं जगणं चालूच असतं. ती श्वसन करते, साठवलेलं अन्न खर्च करते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थकून मरते. गोठवून जपताना पेशी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये किंवा त्याच्या वाफेत ठेवतात. त्या तापमानाला पेशीतल्या रासायनिक क्रिया जवळजवळ पूर्ण थांबतात. वितळवल्यावर तीच पेशी पुन्हा विभागू लागली, तरच जपणूक साधली असं म्हणायचं. बाजारात मिळणारी गोठवलेली शैवाल पेस्ट हा वेगळा प्रकार आहे. ती खाद्य म्हणून वापरायची असते, तिच्यातून कल्चर उभं राहील अशी अपेक्षा धरू नये.

२. दर पंधरा दिवसांनी सबकल्चर करतोच आहोत. मग ही खटपट कशाला?

कारण सबकल्चर करताना, म्हणजे थोडं कल्चर ताज्या माध्यमात हलवताना, दर वेळी थोडं काहीतरी निसटतं. डायटम या एकपेशीय शैवालाचंच पाहा. त्याची पेशी सिलिकाच्या दोन झाकणांची असते, डबी आणि तिचं झाकण असावं तशी. विभाजन होताना प्रत्येक नव्या पेशीला जुन्यांपैकी एक झाकण मिळतं आणि दुसरं ती त्याच्या आतल्या मापाचं बनवते. त्यामुळे बहुतेक डायटम जातींत पिढीगणिक पेशींचं सरासरी माप घटत जातं. लैंगिक प्रजनन झालं तरच मूळ माप परत येतं. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये ते झालं नाही, तर वर्षानुवर्षं जपलेलं कल्चर एके दिवशी संपतं आणि सांभाळणाऱ्याला आपलं काय चुकलं ते कळत नाही. गोठवलेल्या पेशीचं माप आहे तिथेच थांबतं.

विषारी डायनोफ्लॅजेलेट (शेपटीने पोहणारे एकपेशीय जीव) अनेक वर्षं कल्चरमध्ये राहिले की त्यांची विषनिर्मिती कमी झाल्याची उदाहरणं आहेत. आणि हे सगळं बाजूला ठेवलं, तरी जुलैचं काय? कोकणात पावसाळ्यात दोन दिवस लाईट गेली की एसी बंद, एअर पंप बंद, खोलीत दमट उकाडा. आमचा आयसोक्रायसिस या खाद्य-शैवालाचा स्टॉक आम्ही असाच एका पावसाळ्यात गमावला. दुसरीकडून स्टॉक मिळेपर्यंत हॅचरीतल्या अळ्यांचे हाल झाले. तेव्हापासून प्रत्येक जातीच्या निदान काही व्हायल (छोट्या कुप्या) नायट्रोजनमध्ये असल्याच पाहिजेत, हे आमचं ठाम मत आहे.

३. उणे २० च्या डीप फ्रीजरमध्ये ठेवलं तर नाही का चालणार?

नाही. समुद्री शैवालासाठी तर हे तापमान विशेष वाईट आहे. उणे २० च्या आसपास नमुना पुरता घट्ट झालेला नसतो. बर्फाच्या कणांमध्ये अतिखारट द्रव उरलेला असतो आणि पेशी त्यातच अडकलेल्या असतात. मीठ आणि पाणी यांचं मिश्रण पूर्ण घट्ट व्हायला उणे २१ अंशांच्या खाली जावं लागतं, आणि समुद्राच्या पाण्यात इतर क्षारही असल्याने त्याहूनही खाली. शिवाय फ्रीजरचं दार उघडझाप होताना बर्फाचे छोटे स्फटिक विरघळून मोठे होत राहतात. पेशी का मरते त्याचं सविस्तर उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

४. थंडीने पेशी मरते म्हणजे नेमकी कशाने मरते?

मिठागर पाहिलं असेल तर हे चटकन समजेल. आगरात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि उरलेलं पाणी दाट होत जातं. गोठताना असंच घडतं, फक्त पाणी वाफ होऊन जाण्याऐवजी बर्फ होऊन बाजूला पडतं. बर्फाच्या स्फटिकात क्षारांना जागा नसते. समुद्राचं पाणी साधारण उणे १.९ अंशांना गोठू लागतं. त्यातलं नव्वद टक्के पाणी बर्फ झालं, तर उरलेल्या दहाव्या हिश्शात क्षार जवळजवळ दहापट दाट होतात. त्या खारटपणामुळे पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं.

आता वेगाचा प्रश्न येतो. फार सावकाश थंड केलं तर पेशी त्या दाट मिठात फार वेळ राहते आणि सुकून आक्रसते. फार भराभर थंड केलं तर पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते पेशीच्या आतच गोठतं आणि आतल्या बर्फाने पेशीची पटलं, म्हणजे पातळ आवरणं, फाटतात. पीटर माझूर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही दोन कारणं एकत्र मांडली. आजही प्रत्येक जातीसाठी थंड करण्याचा वेग ठरवताना याच दोहोंच्या मधली वाट शोधावी लागते. उणे १९६ अंशांवर पोहोचलेली पेशी सुरक्षित असते. धोका असतो तो शून्य ते साधारण उणे ६० या टप्प्यात, आणि तो जाताना एकदा व येताना एकदा पार करावा लागतो.

५. डीएमएसओ, मिथेनॉल की ग्लिसरॉल? कोणतं आणि किती वापरायचं?

पेशीच्या आत शिरून बर्फाची इजा कमी करणाऱ्या या द्रव्यांना क्रायोप्रोटेक्टंट म्हणतात. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉल वापरून पक्ष्यांचे शुक्राणू गोठवून जगवले आणि तिथून या विद्येने वेग घेतला. १९५९ मध्ये लव्हलॉक आणि बिशप यांनी डीएमएसओचा (डायमिथाइल सल्फॉक्साइडचा) गुण दाखवला.

समुद्री सूक्ष्मशैवालासाठी सुरुवात ५ टक्के डीएमएसओने करा, जमलं नाही तर १० टक्के करून पाहा. मिथेनॉल झपाट्याने आत शिरतं आणि काही जातींना ५ ते १० टक्के छान मानवतं, पण काहींना तेच विष ठरतं. ग्लिसरॉल बऱ्याच शैवालांच्या पेशीत फार हळू शिरतं, म्हणून आम्ही ते शेवटी ठेवतो.

डीएमएसओबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ते पाण्यात मिसळताना उष्णता निघते, त्यामुळे शुद्ध डीएमएसओ कधीही थेट कल्चरमध्ये ओतू नका. आधी माध्यमात द्रावण करा, थंड होऊ द्या, मग मिसळा. दोन, ते १८.५ अंशांखाली गोठतं. एसीच्या खोलीत बाटली घट्ट झालेली दिसली म्हणून फेकू नका, माल बिघडलेला नसतो. तीन, ते त्वचेतून आत जातं आणि त्यात विरघळलेलं इतर काही असेल तर तेही सोबत नेतं, म्हणून हातमोजे हवेतच. निर्जंतुक करायला गाळणी वापरत असाल तर ती डीएमएसओला टिकणारी आहे ना, हे आधी पाहा. सेल्युलोज अॅसिटेटची गाळणी शुद्ध डीएमएसओत विरघळते.

६. पूर्ण पद्धत पायरीपायरीने सांगाल का?

नॅनोक्लोरोप्सिस किंवा टेट्रासेल्मिस या शैवाल जाती समोर ठेवून सांगतो. पहिल्या प्रयत्नाला हीच घ्या, यश मिळण्याची शक्यता जास्त.

कल्चर जोमात वाढून मंदावण्याच्या बेतात असताना घ्या. त्या वेळी पेशी सहसा लहान आणि काटक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सिलिएट, रोटिफर असे शैवाल खाणारे सूक्ष्मजीव किंवा दुसरी जात दिसली तर तिथेच थांबा, घाणीसकट गोठवण्यात अर्थ नाही. मिलिलिटरला दहा लाख ते एक कोटी पेशी असाव्यात. कमी असतील तर कल्चर स्थिर ठेवून पेशी तळाशी बसू द्या किंवा अगदी हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करा. कीटोसेरॉस हे डायटम मात्र सेंट्रिफ्यूजमध्ये घालू नका, त्याचे लांब काटे मोडतात.

ज्या माध्यमात कल्चर वाढलं त्याच माध्यमात, म्हणजे एफ/२, वॉल्ने यांपैकी जे माध्यम असेल त्यात, १० टक्के डीएमएसओचं निर्जंतुक द्रावण करा. क्रायोव्हायलमध्ये अर्धा मिलिलिटर कल्चर घ्या आणि अर्धा मिलिलिटर द्रावण थेंबाथेंबाने घाला. आता डीएमएसओ ५ टक्के झालं. मंद उजेडात दहा ते पंधरा मिनिटं ठेवा. यापेक्षा फार लांबवू नका, कारण सामान्य तापमानाला डीएमएसओ पेशीला त्रासच देतं.

मग मिनिटाला एक अंश या वेगाने उणे ४० पर्यंत न्या. तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे पेशीतलं उरलंसुरलं मोकळं पाणी बाहेर पडतं. त्यानंतर व्हायल थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवा. इथे क्षणाचाही उशीर नको, व्हायल हातात धरून बोलत उभं राहू नये.

एक नियंत्रण संच नेहमी ठेवा. थोडं कल्चर डीएमएसओ घालून, न गोठवता, तितकाच वेळ ठेवून पुन्हा वाढवायला लावा. ते वाढलं नाही तर दोष थंडीचा नव्हे, डीएमएसओचा आहे हे लगेच कळतं.

७. आमच्याकडे प्रोग्रामेबल फ्रीझर नाही. मग हे करताच येणार नाही का?

येतं. आयसोप्रोपेनॉल भरलेला प्लास्टिकचा डबा मिळतो. त्यात व्हायल ठेवून डबा उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवायचा. अल्कोहोलमुळे थंडी सावकाश आत जाते आणि वेग मिनिटाला साधारण एक अंश पडतो. दीड ते दोन तासांत नमुना उणे ५० किंवा त्याखाली गेला की व्हायल नायट्रोजनमध्ये हलवा. आयसोप्रोपेनॉल ठरावीक वापरांनंतर बदलावं लागतं, बहुधा पाच. ते हवेतलं पाणी शोषतं आणि वेग बिघडतो. ही साधी गोष्ट विसरल्याने अनेकांचे निकाल हळूहळू खालावतात.

८. उणे ८० लाच कायम ठेवलं तर? नायट्रोजनचा खर्च वाचेल.

काही काटक जाती काही महिने टिकतात, पण दीर्घकाळाचा भरवसा नाही. पाणी खरोखर काचेसारखं स्थिर होतं ते उणे १३५ अंशांच्या आसपास. त्याच्या वर, उणे ८० लासुद्धा, बर्फाचे स्फटिक अत्यंत संथपणे रूप बदलत राहतात आणि जिवंत पेशींचं प्रमाण घटत जातं. दोन-तीन महिन्यांच्या कामचलाऊ साठ्याला उणे ८० चालेल. मूळ स्टॉक मात्र तिथे ठेवू नका.

९. द्रव नायट्रोजन गावाकडे कुठून आणायचा?

याचं उत्तर गोठ्यात आहे. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य याच द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये घेऊन कर्मचारी गावोगाव फिरतात. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेल्या बाएफ या संस्थेमुळे हे दृश्य महाराष्ट्राला ओळखीचं आहे. पशुसंवर्धन विभागाची पुरवठ्याची साखळी, वैद्यकीय वायू पुरवणारे वितरक आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळा यांच्याकडे चौकशी करा. वीर्यासाठी वापरतात त्या पाव मिलिलिटरच्या कांड्याही शैवालासाठी चालतात. फक्त त्या व्हायलपेक्षा पातळ असल्याने बाहेर काढताच चटकन तापतात.

मोठी अडचण पहिल्यांदा आणण्याची नसून भरत राहण्याची आहे. कंटेनर नुसता उभा असला तरी नायट्रोजन उडत राहतो. दर आठवड्याला पट्टी घालून पातळी मोजायची, ती वहीत लिहायची आणि हे काम एका ठरावीक माणसाकडे द्यायचं.

१०. नायट्रोजन हाताळताना काय जपायचं?

द्रव नायट्रोजनची वाफ झाली की तो जवळजवळ सातशे पट जागा व्यापतो आणि खोलीतला प्राणवायू बाजूला सारतो. त्याला वास नसतो, गुदमरणाऱ्या माणसाला पूर्वसूचना मिळत नाही. म्हणून बंद खोलीत, लिफ्टमध्ये माणसांसोबत किंवा काचा लावलेल्या गाडीत कंटेनर कधीही नेऊ नका. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, सैल थंडीरोधक हातमोजे आणि बंद बूट घाला.

दुसरा धोका व्हायलचा. झाकण नीट बसलं नसेल तर द्रव नायट्रोजन आत शिरतो आणि वितळवताना वाफ होऊन व्हायल फुटते. त्यासाठी शक्य असेल तर व्हायल द्रवात न बुडवता वरच्या वाफेत साठवा. वाफेतही तापमान उणे १३५ च्या बरंच खाली राहतं.

११. वितळवताना घाई करायची की सावकाश?

घाई करायची. चाळीस अंशांच्या पाण्यात व्हायल हलवत राहा आणि बर्फाचा शेवटचा तुकडा दिसेनासा होताच बाहेर काढा. एक मिलिलिटरला साधारण एक-दोन मिनिटं लागतात. सावकाश वितळवलं तर वर येताना बारीक स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात आणि जाताना वाचलेली पेशी येताना मरते.

व्हायल ७० टक्के अल्कोहोलने पुसून उघडा आणि तिच्यातला एक मिलिलिटर हळूहळू १९ मिलिलिटर ताज्या माध्यमात मिसळा. ५ टक्के डीएमएसओ आपोआप पाव टक्क्यावर येतं. ते धुऊन काढायला सेंट्रिफ्यूज वापरावंसं वाटेल, पण नुकत्याच वितळलेल्या पेशीला तो ताण झेपत नाही. फ्लास्क पहिले चोवीस तास अंधारात किंवा अगदी अंधुक उजेडात ठेवा. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा दुखावलेली असते आणि त्यावर प्रखर प्रकाश पडला की तयार होणारा घातक ऑक्सिजन पेशीला संपवतो. नंतर उजेड दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवा.

१२. वितळवल्यावर रंग छान हिरवा-सोनेरी आहे. म्हणजे जगलं ना?

रंगावर विश्वास ठेवू नका. मेलेल्या पेशीतलं क्लोरोफिल काही दिवस तसंच राहतं आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली लालही चमकतं. फ्लुरोसीन डायअॅसिटेट हा रंजक वापरा. एन्झाइम चालू असलेली आणि पटल शाबूत असलेली पेशी हिरवी चमकते. इव्हान्स ब्लू उलट काम करतो, मेलेली पेशी निळी होते. पण ही तपासणी वितळवल्याबरोबर केली तर आकडा फसवा येतो, कारण काही पेशी पुढच्या दिवसभरात मरतात. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी मोजा. शेवटचा पुरावा एकच, पेशी विभागून कल्चर वाढलं पाहिजे. त्याला कधी तीन दिवस लागतात, कधी तीन आठवडे. महिनाभर फ्लास्क टाकून देऊ नका.

१३. कोणत्या जाती सहज जगतात आणि कोणत्या त्रास देतात?

नॅनोक्लोरोप्सिस, समुद्री क्लोरेला आणि टेट्रासेल्मिस सोप्या आहेत. नॅनोक्लोरोप्सिसची पेशी दोन-चार मायक्रॉनची, भिंत दणकट, आत मोठी पोकळी नाही. डायटमांमध्ये फिओडॅक्टायलम चांगलं जगतं. कीटोसेरॉस, स्केलेटोनिमा, थॅलॅसिओसिरा यांचा भरवसा त्या त्या स्ट्रेनवर, म्हणजे जातीतल्या वाणावर. आयसोक्रायसिस आणि पाव्हलोव्हा यांना भिंत नाही, नाजूक शेपट्या आहेत. जमतं, पण व्हायलगणिक निकाल बदलतो. ऱ्होडोमोनाससारखे क्रिप्टोफाइट गटातले शैवाल कठीण, मोठे डायनोफ्लॅजेलेट त्याहून कठीण. पेशी जितकी मोठी आणि आत पाण्याची पोकळी जितकी जास्त, तितकी अडचण वाढते, हा ढोबळ अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

१४. आमच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात. ती नॉक्टिलुका गोठवता येईल?

हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो आणि विचारणाऱ्यांची ओढ आम्हाला समजते. पण वरच्या पद्धतीने ती जगेल अशी आशा धरू नका. तिची पेशी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसणारी, आणि बहुतांश भाग द्रवाने भरलेली पोकळी. तिच्यात बर्फ होऊ न देणं फार अवघड आहे. शिवाय ती खरी शैवाल नाही, ती इतर सूक्ष्मजीवांना गिळून जगते. अरबी समुद्रात हिवाळ्यात फुलणाऱ्या हिरव्या नॉक्टिलुकाचा रंगही तिच्या पोटात राहणाऱ्या सहजीवी शैवालाचा असतो.

१५. मग डायनोफ्लॅजेलेट जपायला दुसरा मार्ग नाही का?

ज्या जाती सुप्तावस्थेतली पुटी, म्हणजे सिस्ट बनवतात, त्यांच्यासाठी निसर्गाचाच मार्ग आहे. तळाच्या गाळात थंडी, अंधार आणि प्राणवायूचा अभाव असला की सिस्ट दीर्घकाळ टिकते. स्वीडनच्या कोल्यो फ्योर्ड या खाडीच्या गाळातून सुमारे शंभर वर्षं जुन्या सिस्ट संशोधकांनी पुन्हा अंकुरित केल्या आहेत. सिस्ट न बनवणाऱ्या जातींसाठी अल्जिनेट या जेलच्या मण्यांत पेशी कोंडून, साखरेच्या द्रावणात पाणी कमी करून गोठवण्याची पद्धत किंवा दाट क्रायोप्रोटेक्टंट वापरून काचीकरण (बर्फ होऊ न देता काचेसारखं घट्ट करणं) करण्याची पद्धत आजमावतात. हे होईपर्यंत जिवंत सबकल्चर थांबवू नका.

१६. एकाच बॅचमधली एक व्हायल जगते, दुसरी मरते. असं का?

बहुतेक वेळा कारण अतिशीतन असतं. पाणी गोठणबिंदूला लगेच गोठेलच असं नाही. एक व्हायल उणे ५ ला गोठते, शेजारची उणे १२ पर्यंत द्रव राहते आणि मग एका दमात गोठते. दुसरीतल्या पेशींना पाणी बाहेर टाकायला वेळ मिळत नाही (प्रश्न ४ पाहा). साठवणीतही कारणं दडलेली असतात. डबा वर काढून हवी ती व्हायल शोधत बसलं की वरच्या व्हायल दर वेळी तापतात. नकाशा पाहून, एका झटक्यात काढायला शिका.

१७. कल्चरमध्ये बॅक्टेरिया आहेत. तरी गोठवू का?

गोठवू शकता, पण बॅक्टेरिया शैवालापेक्षा सहज जगतात हे ध्यानात ठेवा. वितळल्यावर मेलेल्या शैवाल पेशी त्यांचं अन्न होतात आणि उरलेले थोडे जिवंत शैवाल त्यांच्या गर्दीत दबतात. शक्य असेल तर आधी शुद्ध करून घ्या. काही जातींना मात्र सोबतचे बॅक्टेरियाच जीवनसत्त्व बी१२ पुरवतात. त्या सुट्या केल्या तर माध्यमात जीवनसत्त्वं घालायला विसरू नका.

१८. शंभरातल्या पाचच पेशी जगल्या. चालेल?

कल्चर परत उभं राहील, पण आम्ही त्यावर समाधान मानत नाही. थंडी सोसणाऱ्या पाच पेशीच निवडल्या गेल्या असतील, तर परत आलेलं कल्चर मूळ कल्चरसारखंच असेल याची खात्री राहत नाही. वेग आणि डीएमएसओचं प्रमाण बदलून पुन्हा प्रयत्न करा. तोवर ती व्हायल आणीबाणीसाठी ठेवा आणि तिच्या नोंदीत हा आकडा ठळक लिहा.

१९. गोठवलेलं किती वर्षं टिकतं?

द्रव नायट्रोजनच्या तापमानात घट जवळपास होतच नाही. स्कॉटलंडमध्ये ओबानला असलेल्या सीसीएपी या शैवाल संग्रहात वीस वर्षांहून अधिक काळ गोठवलेल्या जाती पुन्हा वाढल्या आहेत. व्यवहारात आयुष्य ठरतं ते कंटेनर किती नियमित भरला जातो यावर.

२०. लेबल आणि नोंदी कशा ठेवायच्या?

साध्या मार्करची शाई नायट्रोजन आणि अल्कोहोलमध्ये पुसली जाते. आमच्या एका डब्यातल्या सगळ्या व्हायल अशाच निनावी झाल्या आणि टाकून द्याव्या लागल्या. थंडी सोसणारी लेबलं वापरा, वर जात, स्ट्रेन क्रमांक, तारीख आणि डीएमएसओचं प्रमाण लिहा. जागेचा नकाशा वहीत आणि संगणकावर, दोन्हीकडे ठेवा. प्रत्येक बॅचच्या निदान दहा व्हायल करा. दोन दुसऱ्या दिवशीच वितळवून पाहा. त्या वाढल्याशिवाय जिवंत कल्चर बंद करू नका. काही व्हायल दुसऱ्या इमारतीतल्या, जमल्यास दुसऱ्या गावच्या कंटेनरमध्ये ठेवा. भारतात वेगळी केलेली जात परदेशी संग्रहाकडे पाठवायची असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या परवानगीची चौकशी आधी करा.

२१. रोजच्या खाद्यासाठी गोठवलेल्या व्हायल वापरता येतील?

नाही. एका मिलिलिटरमधून टाकीभर शैवाल उभं करायला काही आठवडे लागतात. मूळ स्टॉक नासला की फ्लास्कपासून कार्बॉयपर्यंतचा, म्हणजे मोठ्या बाटलीपर्यंतचा, प्रवास नव्याने सुरू करता यावा, एवढ्यासाठी ही व्हायल आहे. म्हणून पावसाळ्यासाठीच्या व्हायल मे महिन्यात तपासून घ्या.